मनगटापासून दंडापर्यंत

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी शहाणपणा शिकवायला नको — मी या असल्या गोष्टी मानत नाही. करणी, बाहेरचं, नजर... काही म्हणजे काही नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि निम्म्या वेळा हसते. मुरबाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी पंधरा वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढायचं आणि जे आहे ते कागदावर छापून द्यायचं, हे माझं काम. रिपोर्टमध्ये नाही ते माझ्यासाठी नाही.

त्यात माहेर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले टाक आणि तसबिरी टोपलीत भरून नदीत सोडल्या होत्या. आम्ही भावंडं बावीस प्रतिज्ञा पाढ्यांसारख्या पाठ करत वाढलो. आणि एवढं असून मी लव्ह मॅरेज केलं ते कुणाशी, तर एका भगताच्या मुलाशी. माझी आई त्यावरून अजून कपाळावर हात मारते.

नवऱ्याला इथे महेश म्हणूया, माझं नाव वैशाली समजा. महेश शहापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम करतो — पाण्याने दिवा पेटवून दाखवणं, नारळातून केस काढणं, सगळं. भगताच्या पोटी असा मुलगा, म्हणून गावात आमची चिक्कार थट्टा व्हायची. वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेज रोडपासून दोनेक किलोमीटर आत आमचं घर आहे. घरात तिघंच — मी, महेश आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

आबांबद्दल खरं तेच लिहिते. माझ्याशी ते कधी एका शब्दाने वावगं वागले नाहीत. मी देव्हाऱ्याला हात लावणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तर म्हणाले, "नाय पटत तं नको करू गो. चा तेवढा बरा कर." झालं, विषय संपला. वाद व्हायचे ते बाप-लेकाचे, आणि तेही जेवताना, वरणभात निवेपर्यंत.

मंगळवारी आणि रविवारी आजूबाजूच्या पाड्यांवरनं लोक त्यांच्याकडे यायचे. आबा ओट्यावर सूप घेऊन बसायचे. शेजारी वाळक्या दुधीचा एक तुंबा, त्यात लालसर जाडे तांदूळ. चिमूटभर तांदूळ सुपात टाकायचे, दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, शेवटी एक उरतो की दोन त्यावरून काय ते सांगायचं. झालं की मोजून परत तुंब्यात. हे तांदूळ त्यांना त्यांच्या गुरूने दिलेले, सिद्धगडाखालच्या एका म्हाताऱ्याने, आबा विशीत असताना. ते शिजवायचे नाहीत, बदलायचे नाहीत, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पन्नास वर्षांत एक किडा पडला नाही असं ते कौतुकाने सांगायचे. मी मनात म्हणायचे, बोरिक पावडर लावत असतील.

आता खरी गोष्ट.

दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, एका पाड्यावरची नऊ वर्षांची मुलगी माझ्या लॅबला आली. कावीळ. डोळे हळदीसारखे. बिलिरुबिनचा आकडा बघून मी सॅम्पल पुन्हा लावलं, मशीन चुकलं असेल म्हणून. मशीन चुकलं नव्हतं. आईला विचारलं, इतके दिवस काय करत होतीस? ती म्हणाली, चार दिवस तुमच्याच आबांकडे येत होते. आबांनी तिला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं होतं म्हणे, पण सूपही घेतलं होतं. मग आई सुपावरच थांबली. मुलगी वाचली... वाचली म्हणून मी आज एवढ्या शांतपणे लिहितेय. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं.

आणि आयडिया माझी होती. हे नीट लक्षात ठेवा. महेश तर आबांशी भांडूनच मोकळा होणार होता. मी म्हटलं, भांडून काय होणार? आपण गुपचूप तांदूळ बदलू. तसलेच दिसणारे लाल तांदूळ बाजारात मिळतात. आबा त्या दुकानातल्या तांदळावर महिनाभर भविष्य सांगतील. मग आपण खरे तांदूळ त्यांच्यासमोर ठेवू आणि विचारू, बघा आबा, काय फरक पडला? तेव्हा तरी पटेल.

रविवारी संध्याकाळी आबा वैशाखऱ्याला एका हळदीला गेले होते. आम्ही तुंबा खाली घेतला. उलटा करून हलवला तरी तळाचे तांदूळ पडेनात. तुंब्याचं तोंड लहान, माझ्या हातात बांगड्या, म्हणून महेशने हात घातला. उजवा. "आबांना कळलं तर?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही कळणार, तेच तर दाखवायचंय." खरे तांदूळ मी लॅबच्या एका कोऱ्या सॅम्पलच्या डबीत भरले आणि वर लेबलही लावलं. आम्ही दोघं हसत होतो, शाळेतली पोरं बाईंच्या खुर्चीला खाजकुयली लावून हसतात तसे.

मंगळवारी आबांनी तुंबा उघडला, दोन-चार दाणे तळहातावर घेतले... आणि परत टाकले. जिभेवर ठेवले नाहीत, डोळ्यांजवळ नेले नाहीत. समोर सहा-सात माणसं बसली होती. "आज जावा. मी नंतर सांगतो," एवढंच त्यांना म्हणाले. आम्हाला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर महेशने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं, ही माझी खात्री आहे. संध्याकाळी ते परसात एकटेच काळा दोरा आणि कसली तरी काटकी घेऊन बसले होते. मला वाटलं, फुगलेत. बुधवारी पहाटे पिशवी उचलून सिद्धगडाकडे निघून गेले, "दहा-बारा दिवसांनी येतो" म्हणाले.

गुरुवारी महेश शाळेतून आला आणि म्हणाला, "घड्याळ टाइट होतंय गं." उजव्या हातात घड्याळ घालायची त्याची सवय. पट्टा सैल केला. मनगटाला आडवा वळ दिसत होता, दोरी करकचून बांधल्यासारखा. घड्याळ काढून ठेवलं तरी वळ राहिला. दुसऱ्या दिवशी तो वळ घड्याळाच्या जागेच्या वर होता.

मी हसून सोडून दिलं नाही, उगाच कोणी तसं समजू नये. शनिवारी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. सूज नाही, ॲलर्जी नाही. रक्ताच्या सगळ्या टेस्ट मी स्वतः लावल्या — नॉर्मल. रविवारपासून मी एक वही सुरू केली. शिवणकामाची टेप घ्यायची, मनगटाच्या घडीपासून वळापर्यंतचं अंतर मोजायचं, बॉलपेनने खूण करायची, लिहायचं. रविवारी साडेचार. सोमवारी सहा. मंगळवारी साडेसात. रोज दीड सेंटिमीटर, म्हणजे एक बोट. ना कमी ना जास्त.

आणि वळाच्या खालचा हात बारीक होत होता. खडू सुटायला लागला. मग बाईकचा ब्रेक दाबवेना. कल्याणला नेलं. नसांची टेस्ट, मानेचा एमआरआय, सगळं झालं. तिथले डॉक्टर चांगले होते हो, वेळ देऊन बघितलं त्यांनी. म्हणाले, "रिपोर्टमध्ये काहीच नाही, पण ताकद जातेय हे खरं आहे. वाट बघू." व्यायाम दिले, झोप येणाऱ्या वेदनेच्या गोळ्या दिल्या. येताना रिक्षात महेश बाहेर बघत म्हणाला, "फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकतो आता." मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळेना.

तो एकदा झोपला असताना मी वळावरून बोट फिरवलं. कातडीखाली काही नव्हतं. पण वळ बोटाखाली हलला... किंवा मला तसं वाटलं. तेव्हा तरी मी वहीत लिहिलं नाही, कारण "वाटलं" हे काही रीडिंग नव्हे.

बाराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, आबा परत आले. वही सांगत होती साडेसोळा. जेवायला बसलो. महेश डाव्या हाताने चमच्याने खात होता. आबांनी घास उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि घास परत ताटात ठेवला.

"हाताला काय?"

"काही नाही आबा, नस दबलीय."

"कवापासून?"

"गुरुवार... गेल्याच्या गेल्या."

आबांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. त्यांना अन्न टाकून उठताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मंगळवारी सकाळी महेश आंघोळीला गेल्यावर त्यांनी मला परसात बोलावलं. हातात ती काटकी होती, करवंदीची, हातभर लांब. तिच्याभोवती काळ्या दोऱ्याचा एकच वेढा, घट्ट. "तुंब्याला कोनी हात घातला, खरं सांग," म्हणाले. मी सगळं सांगितलं. आयडिया माझी, हात महेशचा, हेही सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते खालीच बसले, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून.

"मला वाटलं शहापूर बाजूच्या त्या भगतानं माणूस धाडला," ते म्हणाले. "आमचा जुना दावा हाय. जो हात तुंब्यात गेला तो बांधला मी. नाव घेतलं नाय. घरातलंच आसल असं डोक्यात बी आलं नाय गो."

"मग सोडा ना आबा." मी हे बोलले. मी. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी काटकी माझ्यापुढे धरली. "बांधताना एक टोक सुटं ठेवतात. कितीबी राग आसला तरी ठेवतात, मागं घ्यायला. माज्या गुरूनं पयली तीच गोष्ट शिकवली. मी रागात व्हतो. टोक दातानं तोडलं, ओढ्यात थुकलं." दोऱ्याचा वेढा त्यांनी बोटाने फिरवून दाखवला. गाठ दिसत होती, टोक कुठेच नव्हतं. "आता कुठून सोडू? सिद्धगडाला गुरूच्या जागेवर गेलो तवा बी हेच सांगाया गेलो व्हतो, का चूक झाली. पन ती चूक कोनावर पडली ते मला ठाव नवतं."

मी आत जाऊन कात्री आणली. त्यांनी माझा हात धरला, जोरात. "कापलास तं हात हाय तिथंच मरंल."

मला हे सगळं ऐकून त्यांची कीव येत होती. खरंच सांगते. म्हातारा माणूस, योगायोगाने घाबरलाय, असंच डोक्यात होतं. म्हणून मी टेप काढली — ती माझ्या गाऊनच्या खिशातच असायची — आणि काटकीच्या बुडापासून दोऱ्यापर्यंत मोजलं. अठरा. सकाळी महेशचं रीडिंग घेतलं होतं. अठरा.

एकदा जुळतं हो, मी म्हटलं. बुधवारी सकाळी पुन्हा मोजलं. महेश साडेएकोणीस. काटकी रात्रभर माझ्याच कपाटात होती, कुलूप लावून, चावी माझ्याकडे. दोरा साडेएकोणीसवर.

मी कपाटासमोर किती वेळ उभी होते माहीत नाही. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

आबांनी उपाय सांगितला तेव्हा त्यांचा आवाज शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलासारखा सपाट होता, कारण तो त्यांनी कधी केलेला नव्हता, फक्त ऐकलेला होता. ज्याला लागलंय त्याचा हात आंबटात ठेवायचा. वीतभर अंतरावर दूध ठेवायचं आणि त्यात दुसरा जिवंत हात, जीव लावणाऱ्याचा. त्याला आंबट सोसत नाही, दूध आवडतं. ते इकडून उठून तिकडे जातं.

"आणि मग त्या दुसऱ्या हाताचं काय?" मी विचारलं.

"ते मी बघतो," आबा म्हणाले.

महेशला सांगायचा प्रश्नच नव्हता. तो हसला असता, आणि नंतर मला माफ केलं नसतं. माझी तरी मला कुठे माफी होती... पण साडेएकोणीस वहीत लिहिलेलं होतं, उद्या एकवीस होणार होतं, आणि कोपर चोवीसवर होतं.

तीन वाजले होते. महेश गोळी घेऊन पुढच्या खोलीत चटईवर आडवा झाला. मी चिंचेचा दाट कोळ टोपात केला, म्हटलं फिजिओने सांगितलंय, हात यात ठेवून झोप. लग्नानंतर मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं मोठं खोटं. तो "चिंच? बरं" म्हणाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. मी शेजारच्यांकडून आणलेलं म्हशीचं दूध परातीत ओतलं. मध्ये वीतभर फरशी. आबा माझ्या मागे उकिडवे बसले. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. मी बांगड्या काढल्या, बाही वर केली आणि हात दुधात ठेवला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, वैशाली, तू कुठे येऊन बसलीस. तेवढ्यात टोपातला कोळ शहारला. वारा नव्हता. महेशच्या हातावरचा वळ सैल बांगडी उतरावी तसा खाली यायला लागला... कोपराखालून, माझ्या पेनच्या खुणा एकेक ओलांडत, मनगटाकडे. मी ते बघितलं. ऊन खिडकीतून सरळ त्याच्या हातावर पडलेलं होतं. मग टोपाच्या काठावरून फरशीवर एक ओली रेघ उमटली, बोटाएवढी जाड. ती माझ्या बाजूला येत होती. माझ्या परातीतलं दूध एकदम गार पडलं. मला हात काढता येईना. भीतीने की कशाने, तेही सांगता येणार नाही.

आबांनी मला खांद्याने ढकललं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं, मी कपाटाला जाऊन आपटले. त्यांनी स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत दुधात घातला. रेघ परातीपाशी पोचली आणि दूध एकदाच डचमळलं.

"हं. आलं," आबा म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढला, पंच्याने पुसला. मनगटावर वळ होता.

"तुम्ही म्हणालात बघतो..."

"मंग, बघितलं ना." ते उठले, गुडघे धरत. "त्याला सांगू नको. शपथ नाय घालत तुला, तू मानत नायस. नुसतं सांगतो." मग परातीकडे बघून म्हणाले, "हे दूध मांजराला बी देऊ नको."

महेश पाचला उठला आणि म्हणाला, "हलकं वाटतंय गं. लागू पडली तुझी चिंच." दुसऱ्या दिवशी वळ नव्हता. आठवड्यात खडू धरायला लागला, दोन आठवड्यांत बाईक.

आणि आबा थंडी वाजते म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालून फिरायला लागले. डाव्या हाताने जेवायला लागले. महेशने विचारलं तर म्हणाले, बांधावर पडलो. एक्सरे काढू म्हणून तो मागे लागला, आबांनी दाद दिली नाही. मी एकटी गाठून टेप काढली की म्हणायचे, "मला नको मोजू." मी रडले, भांडले, म्हटलं परत करूया, आता माझ्यावर येऊ दे. त्यावर ते म्हणाले, "टोक नाय ना गो त्याला. ते कोनाच्या तरी अंगावरच संपायचं. राग माजा व्हता."

ते कुठे संपतं हे मी विचारलं होतं. त्यांनी काखेत हात नेऊन, मग छातीवर ठेवला.

त्यांनी मोजू दिलं नाही, पण दोरीवर त्यांचा सदरा वाळत होता. बाहीची लांबी, मनगटापासून काखेपर्यंत, एकोणपन्नास. एकोणपन्नास भागिले दीड. मी ते गणित वहीत केलं आणि पान फाडून चुलीत घातलं. पण उत्तर काही चुलीत जाईना. तेहतिसाव्या दिवशी मी लॅबमधून रजा टाकली. महेशला म्हटलं, तूही आज घरी थांब ना. तो म्हणाला, प्रॅक्टिकलच्या परीक्षा आहेत, काय झालंय तुला?

त्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी ती सॅम्पलची डबी मागितली होती. लेबल बघून थोडं हसले. मला म्हणाले, "तूच वत तुंब्यात." मी ओतले. तुंबा त्यांनी माझ्याच ओटीत ठेवला. "तुला सुपात बघायचं नाय हे ठाव हाय. नको बघू. शिजवू नको, एवढंच."

सकाळी साडेनऊला, ओट्यावर उन्हाला बसलेले असताना, ते गेले. मी चहा घेऊन बाहेर आले होते. त्यांनी कपाकडे बघितलं, म्हणाले, "ठेव," आणि मान कलली. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं. वय चौऱ्याहत्तर, थंडीचे दिवस, बिडी. यात न समजण्यासारखं काही नाही, मी स्वतः डॉक्टर असते तरी तेच लिहिलं असतं. आंघोळ घालायच्या आधी माणसं पाणी आणायला गेली तेव्हा मी सदऱ्याची बाही वर केली. हात काटकीसारखा झाला होता. वळ काखेत होता. करवंदीची काटकी मला नंतर आढ्यावर सापडली, नुसती. दोरा नव्हता.

खूप दिवसांनी, लॅबमध्ये काम नव्हतं तेव्हा, मी मोबाइलवर इंग्लिशमध्ये टाइप केलं — हात, वेढा, दूध, आंबट. जे सापडलं ते वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. फ्रान्सच्या समुद्रकाठी ब्रिटनी म्हणून प्रांत आहे. तिथल्या एका जुन्या राजाच्या दरबाराच्या गोष्टींमध्ये एक जादूगार येतो. त्याचं बिंग त्याचाच मुलगा फोडतो. चिडून तो मुलाच्या हाताला साप लावतो, आणि हात वाळत जातो. मग त्याच जादूगाराकडून उपाय कळतो: मुलाला आंबट व्हिनेगरच्या पिंपात बसवायचं, समोर दुधाचं पिंप, आणि दुधात त्याच्यावर जीव असलेली मुलगी. साप दुधाकडे जातो. मुलगा वाचतो, त्याचा हात मात्र जन्मभर बारीक राहतो. महेशचा उजवा हात अजून डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटरने बारीक आहे. आबा दुसरीपर्यंत शिकलेले, कल्याणच्या पुढे कधी गेले नाहीत. त्या सिद्धगडाखालच्या म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलं असेल, कोण जाणे. एक फरक आहे. त्या गोष्टीतला बाप नुसता उपाय सांगतो, दुधात स्वतः हात घालत नाही.

मी अजूनही मानत नाही. लॅबला तसंच बोलते, भगताकडे जाणाऱ्यांना तशीच झापते. वही कपाटात आहे, तुंबा तिच्या शेजारी. दोन्हींचं काय करायचं ते मला समजलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर लिहा, मी वाचेन. फक्त योगायोग म्हणू नका, तो मी आधीच लावून बघितलाय.

महेश हे वाचणार नाही, तो असलं काही वाचत नाही. त्याचे कार्यक्रम चालू आहेत. परवा शहापूरच्या एका शाळेत होता. शेवटी तो नेहमी बाही वर करतो आणि मुलांना हात दाखवतो. "हा हात वाळत चालला होता. माझे वडील स्वतः भगत होते, तरी मी त्यांना यात पडू दिलं नाही. डॉक्टर, गोळ्या आणि व्यायाम, बस." पोरं टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवते.

परतताना किन्हवली ओलांडली की बाईकवर तो हमखास तेच बोलतो. आबांना तांदळाचं सांगायचं राहून गेलं. हात बरा झाला की सांगू म्हटलं, मग उद्या म्हटलं, आणि ते गेलेच. शेवटपर्यंत त्यांना फसवलं आपण. त्याचा आवाज बसतो. मी मागून म्हणते, "त्यांना कळलं असेल रे."

"कसं कळेल?" तो म्हणतो. "तू आणि मी सोडून माहीत कोणाला होतं?"